चालू बोलणं तोडायचं नाही

आमची आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. त्यातून तिला पेन्शन मिळाली, पाठदुखी मिळाली आणि दोन नियम मिळाले. चालू बोलणं तोडायचं नाही, आणि कुणाचं बोलणं चोरून ऐकायचं नाही. हे नियम तिने मला इतक्या वेळा ऐकवले आहेत की झोपेतून उठवून विचारलं तरी मी धडाधड म्हणून दाखवीन. आता त्यांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. का फिरतं तेच सांगते.

एक्सचेंजमध्ये बायकांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. ज्या बोर्डावर बसाल तो नंबर. आत्या चौथी, आणि तिची जिवाभावाची मैत्रीण सातवी. मधल्या पाचवी-सहावीशी या दोघींचं कधी पटलं नाही, त्यामुळे दोघी वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यावरून बोलत आल्या. बोर्ड गेले, बटणांचे फोन आले, मोबाईल आले, पण सातवीचं पत्र यायचं ते 'प्रिय चौथीस' म्हणूनच.

नोकरी लागल्यापासून मी आत्याकडे राहते. बारा वर्षं झाली. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात फोन घेते. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, पाईप फुटलाय, माणूस आला नाही, आला तो बघून गेला. आठ तास लोक माझ्या कानात ओरडतात, जणू मीच पाईप फोडून आले आहे. घरी आल्यावर मला माणसाचा आवाज नको असतो. मी हे कधी लपवलेलं नाही. चहा घेते, खोलीत जाते, दार लोटते आणि कानात कापसाचे बोळे घालून आडवी होते. आत्या तक्रार करत नसे. तिच्या मते कानाचं काम करणाऱ्या माणसाला विश्रांती हवीच.

घरात फोनची जागा ठरलेली. मधल्या खोलीत खिडकीजवळ एक स्टूल, त्यावर फोन, बाजूला आत्याची खुर्ची आणि वर भिंतीवर ठोक्याचं घड्याळ. हे घड्याळ एक ठोका जास्त मारतं. पाच वाजता सहा, सहाला सात. दोन घड्याळजींनी हात टेकले. आत्या म्हणते, एक वजा करायचा, त्यात काय एवढं.

चार वर्षांपूर्वी आत्याच्या दोन्ही डोळ्यांची बुबुळं पांढरी पडायला लागली. आधी सुईत दोरा जाईना, मग वर्तमानपत्र गेलं, मग माणसांचे चेहरे. आता तिला उजेड कळतो आणि उजेडात कुणी हललं तर ते कळतं. डॉक्टरांनी सांगितलं, नेत्रदानातून बुबुळ मिळालं तर एक डोळा नक्की परत येईल. यादीत नाव घातलं. नियम सोपा होता. बुबुळ आलं की रुग्णालय फोन करणार, तासाभरात होकार गेला नाही तर पुढच्या नंबरला फोन लावणार.

यादीचा अर्ज मीच भरला. दुसरा नंबर काय लिहू म्हणून विचारलं आणि तिथेच माझी चूक झाली. मी माझा मोबाईल नंबर लिहीत होते, तर ही बाई सगळ्यांसमोर मला म्हणाली की तुझ्या ऑफिसात मोबाईल कपाटात ठेवायला लावतात, तो वाजून काय उपयोग. मग काय लिहू? तर म्हणाली, घरचाच लिही पुन्हा. लाईन चांगली असली की दुसरा नंबर लागत नाही. एकतीस वर्षं एक्सचेंजमध्ये काढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार. मी त्याच कागदावर तोच नंबर दोनदा लिहिला.

मग तो डबा आला.

डबा आणला वायरवाल्याने. हा आमच्या कोपऱ्यावर संगणक दुरुस्त करतो. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठलीही गोष्ट फुकट मिळाली की ती सगळ्या जगाला वाटल्याशिवाय चैन पडत नाही. सातवी तेव्हा मुलाकडे परदेशात गेली होती आणि तिकडे फोन लावणं आत्याच्या पेन्शनला झेपेना. वायरवाल्याने सांगितलं की एक मंडळ आहे. जगभर त्याचे सभासद. प्रत्येकाने आपल्या घरच्या फोनला हा डबा जोडायचा आणि डबा इंटरनेटला. आत्याला सातवीशी बोलायचं असेल तर तिचं बोलणं इंटरनेटवरून सातवीच्या गावातल्या एखाद्या सभासदाच्या डब्यात जाणार, आणि तिथून पुढे त्याच्या फोनवरून गावातल्या गावात. बदल्यात काय, तर दूर बसलेल्या कुणाला आपल्या गावात फोन करायचा असेल तर तो आत्याच्या फोनवरून करणार. आपली लाईन त्यांना, त्यांची आपल्याला.

आत्याचा चेहरा उजळला. तिला यात नवीन काहीच वाटलं नाही. म्हणाली, म्हणजे घरोघरी एक्सचेंजच की.

मी विचारलं, आपल्याला फोन लागला आणि नेमकं तेव्हा कुणी परकं बोलत असेल तर? वायरवाल्याकडे उत्तर तयार होतं. रिसीव्हर उचलायचा आणि चांदणीचं बटण दाबायचं, परक्याचं बोलणं तुटतं, लाईन आपली. मालक शेवटी आपण. आत्याने मान हलवली, पण तिचा हात चांदणीपासून लांब सरकलेला मी पाहिला होता.

पहिले दोन महिने मजेत गेले. चौथी आणि सातवी रोज बोलायच्या. कानात बोळे असूनही मला हसणं ऐकू यायचं. मग मंडळाचे रंग दिसायला लागले. सातवीच्या गावात एकच सभासद, आणि त्याने आपल्या डब्याला वेळ लावून टाकली. दुपारी दोन ते चार, एका बोलण्याला दहा मिनिटं. दहा मिनिटं झाली की वाक्याच्या मधोमध फोन बंद. आत्या तोंडातला घास अर्धवट राहिल्यासारखी रिसीव्हर हातात धरून बसायची. पुढे वायरवाल्यानेच कबूल केलं की निम्म्या सभासदांनी आपले डबे नावालाच लावलेत. स्वतः जगभर बोलतात, पण त्यांच्या गावात कुणी फोन लावायला गेलं की लाईन बंद.

आणि आमच्या गावात डबा एकट्या आत्याचा. या गावातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली सगळी मुलं-माणसं आमच्या स्टुलावरून घरी फोन करत होती. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाच्या जागेचा दलाल. एका महिन्याचा हिशोब वायरवाल्याने मला दाखवला. आत्याने दिलेले तास एकसष्ट, तिने घेतलेले चार. मी म्हटलं, हा कसला न्याय? तो म्हणाला, ताई, मंडळात मोजदाद नसते, मनाचा मोठेपणा असतो. मोठं मन आमच्याच घरात का, असं विचारलं तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा संगणक उघडायला लागला.

मी आत्याला सांगून पाहिलं. वेळ लावू या, सकाळी दोन तास पुष्कळ झाले. ती म्हणाली, एक्सचेंज कधी बंद असतं का. मी म्हटलं, एक्सचेंजमध्ये पगार मिळतो. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाकडे, आणि विषय तिथेच संपला.

मग पोलीस आले. एका हार्डवेअरच्या दुकानदाराला कुणीतरी तीन दिवस फोनवरून शिव्या आणि धमक्या देत होतं आणि नंबर उमटत होता आमचा. दारात उभ्या असलेल्या पोलिसाने आधी मला नखशिखांत पाहिलं, मग खुर्चीतल्या आत्याला, आणि त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण त्याने टोपी काढली. डब्यात काय नोंद होती, तर फोन करणाऱ्याचं मंडळातलं टोपणनाव, 'पाहुणा एक्क्याण्णव'. पोलीस म्हणाला, हे मी साहेबांना कसं सांगू? लाईन तुमच्या नावावर, तुम्हीच बोललात असं धरलं जाईल. आत्याला चौकीत जावं लागलं. एकतीस वर्षांत एक ठपका नाही, आणि आता लाकडी बाकावर बसून लिहून द्यावं लागलं की माझ्या फोनवरून कोण बोलतं ते मला माहीत नाही. मी सोबत होते. सही करताना कागद कुठे संपतो ते तिला दिसेना, मी बोट धरून दाखवलं.

घरी येताना मी तळतळून बोलले. हे काढून टाक. पंचाईत होऊन बसेल. तुझ्या बुबुळाचा फोन येईल तेव्हा एखादा पाहुणा लाईनवर बसलेला असेल. ती म्हणाली, त्या एकाला मंडळातून काढलंय, आता बाकीच्यांना कशाला शिक्षा. आणि सातवीचं काय? सातवीचं नाव निघालं की माझं तोंड बंद होतं, हे तिला ठाऊक होतं.

तो मंगळवार होता. मी सहाला घरी आले. आत्या खुर्चीत शांत बसली होती. सव्वासहाला फोन वाजला, मी घेतला. रुग्णालयातून एक बाई बोलत होत्या. आवाजावरून चांगल्या वाटल्या. म्हणाल्या, चारपासून पाच वेळा फोन केला, सतत एंगेज. दुसरा नंबर लावला, तोही एंगेज. दोन्ही नंबर कोणी लिहिले ते मला माहीत होतं. बुबुळ पुढच्या नंबरच्या माणसाला गेलं, असं त्यांनी हळूच सांगितलं. यादीत आत्याचं नाव पहिलंच राहील, पण पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नाही. यादीत नाव घातल्यापासून हे पहिलंच होतं.

मी आत्याला सांगितलं. तिने फक्त विचारलं, कुणाला मिळालं? मी म्हटलं, मला काय माहीत. मग मी विचारलं, चार ते पाच लाईनवर कोण होतं, तुला कळलं नाही? ती म्हणाली, उचलला होता मी एकदा. कुणीतरी बोलत होतं, म्हणून ठेवला. चालू बोलणं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक बटण. एक बटण दाबायचं होतं. मी डब्याच्या वायरी उपटल्या, एक तर भिंतीतल्या खिळ्यासकट आली. आत्या दचकली, पण अडवलं नाही. मला त्या न अडवण्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून डबा घेऊन मी वायरवाल्याकडे गेले. त्या तासात कोण बोलत होतं ते मला बघायचं होतं. बघून काय करणार होते ते ठरवलं नव्हतं, पण कुणालातरी समोर उभं करून बोलायचं होतं एवढं नक्की. त्याने डबा जोडला, यादी काढली. मंगळवार, चार वाजून दोन मिनिटं ते पाच वाजून एकवीस. एकच बोलणं. टोपणनाव 'लेक'. नंबर आमच्याच गावातला, शेवटचे आकडे इतके ओळखीचे की मी दोनदा वाचले. पाण्याच्या तक्रारीसाठी हा नंबर माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो. मागच्या गल्लीतले नकाशेवाले काका. सरकारी नकाशे काढण्यात हयात घालवलेला, एकटा राहणारा म्हातारा माणूस.

वायरवाला यादी खाली खाली सरकवत होता. रोज चार वाजता तोच नंबर, तीच 'लेक'. मग तो थांबला आणि जरा चाचरत म्हणाला, "ताई, एक विचारू? आत्यांनी स्वतः चार महिन्यांत एकही फोन केलेला नाही. मग हा डबा ठेवला कशाला होता?"

मी म्हटलं, असं कसं, सातवीशी बोलते ना रोज. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. चार महिने आमच्या बाजूने एक ओळ नव्हती. त्यालाच आठवलं, आत्या एकदा म्हणाल्या होत्या की सातवीला मुलाने दुसऱ्या गावी एका वृद्धांच्या निवासात ठेवलंय, तिथे मंडळाचं कुणी नाही. हे तिने वायरवाल्याला सांगितलं होतं. मला नव्हतं सांगितलं. किंवा सांगितलं असेल आणि माझ्या कानात बोळे असतील.

नकाशेवाल्या काकांकडे जायला मला रविवार उजाडला. मनात भाषण तयार होतं. तुमची लेक रोज दीड तास कुणाच्या जिवावर बोलते माहीत आहे का, अशी सुरुवात करणार होते. दार उघडं होतं. खोलीभर गुंडाळलेले नकाशे, टेबलावर भिंग आणि एका खुर्चीवर, उशीवर ठेवावं तसा, फोन. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की माझी पहिली ओळ घशातच राहिली.

"बरं झालं आलात. तुमच्या ऑफिसात फोनच्या तक्रारी घेतात का हो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फक्त पाण्याच्या. ते खाली बसले. मंगळवारपासून लेकीचा फोन नव्हता. पाच दिवस. रोज चारला येणारा फोन, कधी चुकला नाही. तिला काही झालं असेल का? तिचा नंबर त्यांच्याकडे होता, पण लावला की भलतीच बाई भलत्याच भाषेत काहीतरी सांगायची. त्यांना मंडळ माहीत नव्हतं, डबा माहीत नव्हता. लेक फोन करते आणि तो येतो, एवढंच माहीत. वायरी मी उपटल्या हे सांगायला मी तोंड उघडलं आणि पाण्याचा ग्लास मागितला.

मग ते आपणहून बोलायला लागले. पाच दिवस न बोललेला माणूस. म्हणाले, लाईनमध्ये बिघाड आधीपासून असणार. बोलताना मधेच कुणीतरी श्वास घेतल्यासारखं ऐकू यायचं. लेक गमतीने म्हणायची, बाबा, आपला तिसरा माणूस आला बघा. एकदा त्यांनी साहेबांची नक्कल केली तर तिसरा माणूस हसला. अगदी स्पष्ट. बाई असावी.

"आणि घड्याळ," ते म्हणाले. "माझ्याकडे ठोक्याचं घड्याळच नाही. पण पाच वाजले की फोनमध्ये सहा ठोके पडतात. मंगळवारीही पडले. लेक म्हणते, बाबा, तुमच्या गावात वेळ पुढे धावते वाटतं."

माझ्या हातातला ग्लास मी टेबलावर ठेवला. नकाशावर ओला गोल उमटला, तो त्यांनी बाहीने पुसला आणि मला काही म्हटलं नाही.

म्हणजे आत्याने रिसीव्हर ठेवला नव्हता. मंगळवारी पाचला ती लाईनवर होती. रुग्णालयाचा फोन पाच वेळा त्या एंगेज लाईनवर आपटून परत जात होता तेव्हा ती खुर्चीत बसून दुसऱ्याच्या लेकीचं बोलणं ऐकत होती. तीच, जिने मला बारा वर्षं नियम ऐकवले. अनोळखी माणसाला आपली लाईन दिली की तो काय करील, याची मी धास्ती घेतली होती. ज्याने दिली तो काय करील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी विचारलं, मंगळवारी काय बोलत होतात? तुम्ही हसाल, म्हणाले. ते लेकीला एक जुनी गोष्ट सांगत होते, आठवडाभर, थोडी थोडी. तरुणपणी गावाचा नकाशा काढताना त्यांच्या हातून एक चूक झाली. दोन रस्त्यांच्या मधे, जिथे सरळ भिंत होती, तिथे त्यांनी एक गल्ली काढली. नकाशा छापला गेला. अकरा वर्षं माणसं त्या गल्लीत शिरायला जायची आणि भिंतीवर आपटायची. पोस्टमनने तीन अर्ज केले. शेवटी मोठे साहेब स्वतः नकाशा हातात घेऊन भिंतीसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हे कोणी काढलं? मंगळवारी गोष्ट तिथवर आली आणि लेकीला कामावर जायची वेळ झाली. उरलेलं उद्या, असं ठरलं होतं.

"मग पुढे?" मी विचारलं. भाषण करायला आलेली मी खुर्चीच्या कडेवर आले होते.

त्यांनी पुढचं सांगितलं. मी हसले. मला हसायचं नव्हतं तरी हसले, आणि लेकीचा फोन येईल, लाईनचं बघते, असं सांगून बाहेर पडले.

घरी आत्या खुर्चीतच होती. फोन तिच्या मांडीवर. साडेचार झाले होते. मी स्टुलावर चढले आणि घड्याळाचा लंबक धरून थांबवला. टकटक बंद झाली तशी आत्याची मान वर झाली. बराच वेळ ती तशीच वर बघत राहिली, जिथे तिला काही दिसत नव्हतं.

"ऐकू जातं होय त्यांना?" तिने विचारलं.

"जातं."

मी खाली उतरले तेव्हा तिने फोन मांडीवरून उचलून स्टुलावर ठेवला. मग म्हणाली, "पहिल्या वेळी सहज उचलला, लगेच ठेवणारच होते. सातवी गेली त्या निवासात, त्या आठवड्यात. ते लेकीला विचारत होते, आज काय जेवलीस. मला कुणी विचारल्यासारखं वाटलं. मग रोज उचलायला लागले. एकतीस वर्षं कधी ऐकलं नाही ग. एकदासुद्धा नाही. आता वाचता येत नाही, रस्ता दिसत नाही, आणि तू..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. तिने ते पुरं केलं असतं तर मी भांडले असते.

मग मीच बोलले. म्हटलं, डोळा गेला तुझा. एका गोष्टीपायी. ती म्हणाली, माहीत आहे. म्हणाली, चारदा मनात आलं की आता चांदणी दाबून लाईन मोकळी करू, पण ते साहेब भिंतीपाशी येऊन उभे राहिले होते. हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि रडूही आलं. मी दोन्ही केलं नाही. मोबाईल काढून रुग्णालयात फोन लावला आणि दुसऱ्या नंबरच्या जागी माझा नंबर, तिसऱ्या जागी ऑफिसचा नंबर लिहून घ्यायला लावला. सोमवारी साहेबांशी भांडून मोबाईल टेबलावर ठेवायची परवानगी घेतली. डबा परत जोडला, तोही मीच, पण वेळ लावून. चार ते साडेपाच, बाकी बंद, आणि फक्त त्या एका टोपणनावाला. मंडळाने पत्र पाठवलं की हे सभासदत्वाच्या भावनेला धरून नाही. मी उत्तर दिलं नाही.

यातलं न्याय्य काय ते मला आजही कळत नाही. ज्यांनी आपल्या लाईनी बंद ठेवल्या त्यांचं काही गेलं नाही. एकसष्ट तास देणाऱ्या बाईचा डोळा गेला, आणि त्याच बाईने दुसऱ्याचं खासगी बोलणं चार महिने ऐकलं. काकांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या लेकीने परवा विचारलं म्हणे, बाबा, आपला तिसरा माणूस हल्ली येत नाही. माझा राग गेलेला नाही. रुग्णालयाचाही पुन्हा फोन आलेला नाही.

पण त्या रविवारी, हे सगळं बोलून झाल्यावर, मी खोलीकडे वळले होते. कापूस हातात होता. आत्या मागून म्हणाली, "रागावली आहेस ते कळतंय. एकच विचारते. साहेबांनी मग काय केलं? सांगितलं का त्यांनी तुला?"

कपाळावर हात मारून घ्यावा अशीच वेळ होती. मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा माझ्याकडे नव्हता, दोन बोटं बाजूला होता, जिथे तिला मी असेन असं वाटत होतं. मी सरकून त्या जागी गेले, खाली बसले आणि कापूस खिडकीत ठेवला.

म्हटलं, साहेबांनी आधी नकाशा पाहिला, मग भिंत पाहिली, मग पुन्हा नकाशा. म्हणाले, छापलेला नकाशा चुकीचा असू शकत नाही. दुसऱ्या दिवशी दहा माणसं कुदळी घेऊन आली आणि त्यांनी भिंत पाडली.

आत्या हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग विचारलं, कुठली ग ती गल्ली?

"आपली," मी म्हटलं. "हीच, खिडकीबाहेरची. ऐक, पहिल्यापासून सांगते."